गाडी नेमकी कधी थरथरते?

साशंक : जुनी गाडी जागची हलताना थरथरते म्हणून मालक ती गॅरेजमध्ये नेतो. मिस्त्री आधी क्लच प्लेट बदलतो, पण थरथर तशीच राहते. मग प्रेशर प्लेट बदलली जाते, मग इंजिनाची फाउंडेशनं, मग प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. कधीतरी थरथर कमी होते आणि जो भाग सगळ्यांत शेवटी बदलला, त्याच्या माथी दोष मारला जातो. लोक याला मिस्त्रीचं अज्ञान म्हणतात. मला ते पटत नाही. निदान करायचं म्हणजे बाकी सगळं धड आहे आणि एकच गोष्ट बिघडली आहे, असं गृहीत धरावं लागतं. नव्या गाडीत ते गृहीत चालतं. पन्नास वर्षांच्या ॲम्बॅसडरमध्ये किंवा फियाटमध्ये धड असं काय उरलेलं असतं? फाउंडेशनचं रबर दगडासारखं झालेलं, मागचे पाटे बसलेले, क्रॉसच्या सुया झिजलेल्या, क्राउन-पिनियनमधली फट वाढलेली, फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडलेले. प्रत्येक भाग थोडाथोडा दोषी आहे. अशा वेळी एकच गुन्हेगार शोधत बसण्यापेक्षा इंजिनापासून मागच्या ॲक्सलपर्यंत सगळं उतरवून नवं करणं मला अधिक प्रामाणिक वाटतं.

शोधक : झीज सगळीकडे पसरलेली असते, हे मान्य. पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मान्य नाही. गॅरेजमधला तो क्रम फसतो, कारण पहिलाच प्रश्न चुकलेला असतो. ‘काय खराब झालंय?’ असं विचारलं की उत्तरात सुट्या भागांची यादीच येणार. आधी ‘कधी थरथरते?’ हे विचारायला हवं. थरथर विशिष्ट परिस्थितीत उठते, आणि परिस्थिती आपल्याला एकही बोल्ट न खोलता बदलता येते. हाफ क्लचवर थरथरून क्लच पूर्ण सुटताच ती थांबते का? की क्लच सुटल्यावरही इंजिनावर जोर असेपर्यंत राहते? ॲक्सिलरेटर सोडून गाडी इंजिनाच्या ब्रेकवर उतरत असताना येते का? ठरावीक वेगाला येऊन न्यूट्रल केल्यावरही टिकते का? या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरासरशी भागांचा एकेक गट संशयातून बाहेर पडतो. न्यूट्रलमध्ये, इंजिन नुसतं फिरत असताना, साठच्या वेगाला जी थरथर जशीच्या तशी राहते, तिच्यासाठी क्लच प्लेट उतरवणं म्हणजे मजुरी वाया घालवणं. आणि सगळं बदलण्याच्या मार्गात एक मोठा धोका आहे, तो तुम्ही हिशेबात धरलेला नाही. दुरुस्ती स्वतःच दोष निर्माण करते. प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे चिमटे एका रेषेत असावे लागतात. क्रॉस बदलताना सरकती बाजू बाहेर काढली आणि परत बसवताना दाते चुकीच्या जागी गुंतले, तर दोन क्रॉसनी एकमेकांची चढउतार खोडायची ती वाढू लागते. शाफ्ट खोलण्यापूर्वी पंचने दोन खुणा केल्या असत्या तर ते टळलं असतं. म्हणजे सगळं नवं करणाऱ्या माणसाच्या हाती शेवटी नव्या भागांनी थरथरणारी गाडी येऊ शकते. वर जुना पुरावा भंगारात गेलेला असतो.

साशंक : खुणांचा मुद्दा रास्त आहे. पण तुमच्या ‘कधी’वर इतका भार टाकता येईल का, याची मला शंका आहे. सगळ्यांत जास्त तक्रार असते ती गाडी सुटतानाच्या थरथरीची. हाफ क्लचवर येते, म्हणून लोक म्हणतात क्लच. पण त्या क्षणी काय काय घडतं ते पाहा. इंजिनाचा जोर पहिल्या गिअरमधून वाढून शाफ्टवर येतो, म्हणजे शाफ्टवरचा ताण तेव्हाच सर्वाधिक. पाट्यांवर बसवलेला मागचा ॲक्सल त्या जोराने पिळला जातो, डिफरन्शियलचं नाक वर उचललं जातं, मागच्या क्रॉसचा कोन बदलतो. इंजिन आपल्या फाउंडेशनवर एका बाजूला कलतं. ज्या गाड्यांत पेडलचा जोर क्लचपर्यंत दांड्यांनी पोचतो, तिथे इंजिन कललं की दांडीही ओढली जाते आणि चालकाचा पाय स्थिर असूनही क्लच आपोआप कमीजास्त दाबला जातो. क्लच, शाफ्ट, पाटे, फाउंडेशन असे चार संशयित एकाच दोन सेकंदांत, एकाच जागी हजर असतात. ‘कधी’ विचारून इथे कोण सुटतं?

शोधक : इथे ‘कधी’च्या पुढचा प्रश्न विचारावा लागतो : थरथरीची लय गाडीच्या वेगाबरोबर कशी बदलते? थोडं गणित करू. चाकाचा घेर सुमारे दोन मीटर आणि डिफरन्शियलचं प्रमाण साडेचारास एक धरा. त्या काळातल्या मोठ्या गाड्यांना ते जवळपास लागू पडतं. ताशी १० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण १.४ फेरे घेतं, शाफ्ट सव्वासहा. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो, म्हणून त्याची थरथर सेकंदाला साडेबारा वेळा येईल. वेग १५ झाला की ती एकोणीसच्या आसपास जाईल. म्हणजे दोष शाफ्टच्या कोनात असेल तर गाडी उचलताना लय चढत जाते. क्लचची फेसिंग तेलकट किंवा काचेसारखी गुळगुळीत झाली असेल तर वेगळंच घडतं. घसरण्याचा वेग कमी होताना घर्षण वाढतं, प्लेट पकडते, सुटते, पुन्हा पकडते, आणि सगळी वाहक साखळी आपल्या नैसर्गिक लयीत डोलू लागते. ही लय बहुधा सेकंदाला दहाच्या आगेमागे असते आणि गाडीच्या वेगाशी तिला देणंघेणं नसतं. सुरुवातीपासून क्लच पकडेपर्यंत ती जवळपास एकच राहते. तिसरी शक्यता अशी की फ्लायव्हीलचा किंवा प्रेशर प्लेटचा पृष्ठभाग वाकडा आहे आणि त्याला टेकणारी प्लेटही सरळ नाही. मग थरथर येते ती इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या फेऱ्यांत जो फरक असतो त्या गतीने. गाडी सुटू लागते तसा हा फरक घटत शून्यावर येतो, म्हणून लय उतरत जाते. आता तुमचे संशयित पुन्हा पाहा. एकाची लय चढते, एकाची स्थिर राहते, एकाची उतरते. जागा आणि वेळ एकच असली तरी तिघांची चाल निराळी आहे.

साशंक : हे गणित सुंदर आहे, आणि नेमकी तीच माझी अडचण आहे. दोन सेकंदांत लय चढली की उतरली हे कोणाच्या बुडाला कळणार? वर्षानुवर्षं याच गाड्या चालवणाऱ्या मिस्त्रीला कळत असेल, पण ते ज्ञान त्याच्या हातात असतं. तो ते आकड्यात सांगत नाही, आणि त्याच्या हाताखालचा पोरगा ते वर्षांनी शिकतो. तुम्ही म्हणाल, मोबाइल ठेवा, त्यातला कंपमापक नोंद घेईल. पण तो सेकंदाला शंभर नोंदी घेत असेल तर पन्नासच्या वरचा कंप तो खरेपणाने दाखवू शकत नाही. साठच्या वेगाला तुमच्याच हिशेबाने शाफ्ट सेकंदाला साडेसदतीस फेरे घेतो, क्रॉसची थरथर पंचाहत्तर. हा पंचाहत्तरचा कंप त्या मोबाइलवर पंचवीस म्हणून उमटू शकतो आणि तुम्ही भलत्याच भागाच्या मागे लागाल. आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे तुमचं गणित काणाडोळा करतं. या गाड्यांचा टॉप गिअर थेट असतो. इंजिनाचा एक फेरा म्हणजे शाफ्टचा एक फेरा. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे साठच्या वेगाला, टॉपमध्ये, इंजिनाचे स्फोटही सेकंदाला पंचाहत्तर आणि क्रॉसची चढउतारही पंचाहत्तर. इंजिनाचं असंतुलन साडेसदतीस, शाफ्टचंही साडेसदतीस. आकडेच जुळे असतील तर आकड्यावरून ओळख कशी पटवणार?

शोधक : आकड्यावरून पटत नाही, म्हणून तिथे गिअर बदलायचा. त्याच साठच्या वेगाला तिसऱ्यात या. शाफ्टचे फेरे चाकाला बांधलेले असल्यामुळे ते साडेसदतीसच राहतील. इंजिन मात्र दीडपट फिरू लागेल. थरथरीची लय तीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, लय बदलली तर पुढे. न्यूट्रल केल्यावर राहिली तर इंजिन पूर्ण सुटलं. या कसोटीला मोबाइल लागत नाही, एक मोकळा सरळ रस्ता पुरतो. मोबाइलची मर्यादाही तुम्ही बरोबर सांगितलीत, पण ती वरच्या वेगाची आहे. सुटतानाची सगळी थरथर सेकंदाला विसाच्या आत असते आणि ती साधा मोबाइलही नीट टिपतो. बैठकीच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधला म्हणजे झालं. ज्या दोन सेकंदांबद्दल तुम्ही विचारता, ते मग हवे तितक्या वेळा पाहता येतात. मिस्त्रीच्या हाताला मी कमी लेखत नाही. उलट त्याला जे कळतं ते याच भेदावर उभं आहे असं मला वाटतं. फक्त ते लिहून ठेवलं नाही तर त्याच्याबरोबर संपतं, आणि या गाड्या शिकून घेणारी पोरं आता दिवसेंदिवस कमी होत आहेत. एका गोष्टीपासून मात्र सगळ्यांनी सावध राहायला हवं. गाडी स्टँडवर चढवून मागची चाकं हवेत फिरवायची आणि थरथर पाहायची, हा प्रकार सर्रास चालतो. ॲक्सल लोंबकळला की पाटे उलटे ताणले जातात, शाफ्टचे कोन रस्त्यावर कधीच नसतात तसे होतात आणि जो क्रॉस रस्त्यावर निर्दोष आहे तो तिथे दोषी दिसतो. गाडी घसरली तर जिवावर बेततं, ते वेगळंच. उचलायचीच असेल तर जॅक ॲक्सलखाली हवेत, म्हणजे पाट्यांवर गाडीचं वजन राहील.

साशंक : ठीक. समजा तुमच्या कसोटीने लय चढते असं दिसलं आणि शाफ्टचा कोन दोषी ठरला. आता माझी खरी हरकत ऐका. क्रॉस दहा अंशांच्या कोनात असला तर पुढच्या टोकाचा वेग सरासरीच्या दीड टक्का वरखाली होतो. हे भूमितीने ठरलेलं आहे. गाडी कारखान्यातून बाहेर आली त्या दिवशीही तिच्यात ही चढउतार होती. दोन क्रॉस एकमेकांना खोडतात म्हणावं, तर जोर लागला की ॲक्सल पिळला जातो आणि दोन्ही कोन सारखे राहत नाहीत, हेही पहिल्या दिवसापासूनचं. तेव्हा गाडी थरथरत का नव्हती? कारण फाउंडेशनचं रबर मऊ होतं, पाट्यांच्या टोकाची बुशं ताजी होती, सगळी साखळी तो कंप पिऊन टाकत होती. मग आज थरथरीचं कारण कुठलं : जो शाफ्ट पहिल्यापासून तेच करतो आहे तो, की ज्या रबराने ते पिणं सोडलं ते? क्लचचंही तसंच. थोडी तेलकट फेसिंग मऊ फाउंडेशनवर खपून जाते, कडक फाउंडेशनवर गाडीला हादरवते. रबर बदला, थरथर जाईल, आणि तेल मात्र आत झिरपतच राहील. क्लच बदला, तरीही जाईल, आणि रबर दगडच राहील. दोन्ही दुरुस्त्या यशस्वी, दोन्ही निदानं अर्धवट. म्हणून मी म्हणालो की एकच गुन्हेगार शोधू नका.

शोधक : या हरकतीने माझी मांडणी बदलावी लागते, आणि ती मी बदलतो. कंप निर्माण करणारा एक, तो वाहून नेणारा दुसरा, त्याला दाद देऊन मोठा करणारा तिसरा, आणि तो शोषायचं काम सोडून दिलेला चौथा; या चौघांना एकाच ‘कारण’ या नावाने हाक मारणं ही गडबडीची मुळी आहे. पण तरीही ‘सगळं बदला’ असं त्यातून निघत नाही. उलट, मूळ स्रोत कुठे आहे हे आधी पाहणं जास्त निकडीचं होतं, कारण स्रोत वाहक साखळीत नसूही शकतो. सध्याचंच उदाहरण घ्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, इथेनॉलला नऊ. या गाड्यांचा कार्ब्युरेटर जुन्या पेट्रोलला लावलेल्या जेटवर चालतो. पेट्रोल बदललं हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. मिश्रण पातळ होतं, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन क्षणभर अडखळतं, नेमकं हाफ क्लचच्या वेळी, आणि ते अडखळणं सगळ्या साखळीला हलवतं. मालकाला वाटतं क्लच गेला. यासाठी चोक थोडासा ओढून गाडी सोडून पाहावी. थरथर कमी झाली तर मिश्रणाकडे बघा, गिअरबॉक्स उतरवू नका. डिस्ट्रिब्युटरच्या झिजलेल्या बुशचंही असंच. तिथला दोष मागच्या चाकाशी जाणवतो. तुमच्या मार्गाने क्लचपासून ॲक्सलपर्यंत सगळं नवं केलेली गाडी या कारणाने तशीच थरथरत राहील.

साशंक : मग चोकही पुरावा म्हणून कितपत धरायचा? मिश्रण घट्ट झालं, इंजिनाचा जोर गुळगुळीत झाला, म्हणून तेलकट क्लचही तात्पुरता शांत होईल. पुन्हा तोच पेच. पण तो बाजूला ठेवू, कारण मला त्याहून कठीण जागा दाखवायची आहे. ॲम्बॅसडरच्या जुन्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला ओठांचं रबरी सील नाही. तिथे शाफ्टवर उलट्या पेचाचे आटे कापलेले आहेत. इंजिन फिरताना ते तेल परत आत ढकलतात. आतली फट झिजून वाढली की तेल बाहेर येतं, आणि गाडी उभी असताना तर ढकलायला कोणी नसतंच. ते तेल सरळ क्लचच्या घरात पडतं. म्हणजे तुमच्या पद्धतीने निर्दोष निदान झालं : लय स्थिर, फेसिंग तेलकट, तेल क्रँकच्या मागून. पुढे काय? नवी प्लेट काही काळ टिकेल आणि पुन्हा भिजेल. आधुनिक सील बसवण्यासाठी इंजिनात बदल करावा लागेल. आणि २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव घेतलेल्या पहिल्या गाड्या २०२४ पासून त्या वयात आल्या आहेत, म्हणजे हा प्रश्न आता मूठभर संग्राहकांचा राहिलेला नाही. इथे निदान दोष दाखवत नाही, रचनाच दाखवतं. त्या रचनेला बरं करायचं की जपायचं, हे तुमची लय सांगू शकत नाही.

शोधक : नाही सांगू शकत. सील बसवणं मोठा फेरफार ठरेल की साधी दुरुस्ती, यावरही जाणकारांत एकमत होणार नाही. त्याच नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी नाही, म्हणजे ती जास्त काळ उभीच राहणार; उभ्या गाडीत तेल झिरपतं, फ्लायव्हीलवर गंज चढतो, टायर एका जागी बसतात आणि रबर वाळतं. जपण्याची पद्धतच थरथरीला खतपाणी घालते, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तुम्ही सुरुवातीला म्हणालात की सगळं नवं करणं प्रामाणिक आहे. आता तुमचंच म्हणणं त्याच्या आड येतं. मूळ रूप जपायचं असेल तर जे धड आहे ते काढता कामा नये, आणि धड काय आहे हे कळायला निदानच लागतं. शिवाय या गाड्यांचे आजचे नवे भाग जुन्या झिजलेल्या भागांपेक्षा चांगलेच असतील याची हमी कोणी देत नाही. नव्या फाउंडेशनचं रबर मूळच्यापेक्षा कडक निघालं तर तुम्ही पैसे देऊन थरथर विकत घेतली.

साशंक : ते खरं आहे, आणि त्यामुळे मी सगळं बदला हा शब्द मागे घेतो. एक दोष शोधा हा तुमचा शब्द मात्र मला अजून मान्य नाही. माझ्या मते जुन्या गाडीत प्रश्न असा मांडावा : कोणता एक बदल, सगळ्यांत कमी खोलून, सहज उलटवता येईल असा, थरथर सहन करण्याजोगी करील? तो दोषाच्या मुळाशी असेलच असं नाही.

शोधक : आणि माझ्या मते मुळाशी नसलेला बदल थरथर झाकतो, तोपर्यंत तेल फेसिंग खात राहतं आणि सुटलेला क्रॉस एक दिवस भर रस्त्यात शाफ्ट खाली पाडतो. सहन करण्याजोगं काय आणि धोक्याचं काय, ही रेषा तुम्ही कुठे ओढता ते तुम्हाला सांगावं लागेल. तिथे आपलं जुळत नाही. पण क्रमाबद्दल जुळतं : एका वेळी एकच बदल, उलटवता येईल तो आधी, आणि खोलण्यापूर्वी खूण. म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेणाऱ्या मालकाला एवढंच सांगावंसं वाटतं. मिस्त्रीला भागाचं नाव सांगू नका. कोणत्या गिअरला, किती वेगाला, गार इंजिनावर की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, क्लच सुटल्यावर थांबते की राहते, न्यूट्रलला काय होतं, चोक ओढल्यावर काय होतं, हे कागदावर लिहून न्या, आणि गिअरबॉक्स खाली उतरवायच्या आधी तो कागद त्याच्या हातात द्या.